बिनधाग्याचा दोर

फार पूर्वी, समुद्राकाठच्या एका गावात दोर वळण्याचा मोठा कारखाना होता. बाया खाडीत भिजलेली नारळाची सोडणं बडवायच्या, काथ्या मोकळा करायच्या आणि पुरुष चाकावर बसून त्याचा दोर वळायचे. वळणारा आपल्या दोरात आपल्या रंगाचा एक धागा घालायचा. दोर कुठल्याही बंदराला जावो, धागा दिसला की लोक ओळखायचे, "अरे, हा तर धोंडूतात्यांचा दोर!" केवढा मान होता त्या धाग्याला!

बायांना मात्र चाक नाही आणि धागाही नाही. का? तर म्हणे, बाईचा हात लागला की दोर तुटतो. अहो, काथ्याला दिवसभर बाईचेच हात लागत होते, तेव्हा बरा तुटत नव्हता! पण मुकादमाला हे सांगणार कोण?

याच कारखान्यात ठकू बारा वर्षं सोडणं बडवत होती. घरच्या विहिरीचा दोर ती स्वतः वळायची, आणि तो कधी तुटला नव्हता. एकदा तरी त्या चाकावर बसायचं, एवढीच तिची इच्छा.

एकदा राणीसरकारांनी नवंकोरं गलबत बांधलं. उतारावरून ते पाण्यात सोडायचं तर मागून चार दणकट दोरांनी धरून ठेवायला हवं, नाहीतर सुटलंच ते! मुकादमाला भारी घाई झाली.

ठकू म्हणाली, "मुकादम, सगळी सोडणं अजून मुरली नाहीत. काथ्या कच्चा आहे. पंधरा दिवस थांबा."

"तू बडवायचं काम कर," मुकादम खेकसला. "मला अक्कल शिकवू नकोस."

तीन दोर झाले. तांबड्या धाग्याचा धोंडूतात्यांचा, पिवळ्याचा त्यांच्या पुतण्याचा आणि निळ्याचा खुद्द मुकादमाचा. चौथा वळणारा नेमका तापाने आडवा झाला. आता? मुकादम गुपचूप ठकूकडे आला.

"चौथा तू वळ. नीट झाला तर चाक तुझं. पण धागाबिगा घालायचा नाही हं! बाईने वळलाय हे कुणाला कळायला नको."

ठकूला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. तिने पुरती मुरलेली सोडणं एकेक करून निवडली, हात सोलवटेपर्यंत पीळ दिला आणि दोर तयार केला. मग ती मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. "आता चाक द्या."

मुकादम खो खो हसला. "चाक? बाईमाणसाला? वेडबिड लागलंय का तुला?"

काथ्याच्या ढिगामागे भिंतीला एक जुनी फळी होती. ठकूला अक्षरओळख होती, तिने ती कधीच वाचून ठेवली होती. तिने ढीग बाजूला सारला. फळीवर कोरलं होतं, 'ज्याचा दोर टिकेल त्याला चाक. यात दुजाभाव करू नये.' राणीसरकारांच्या आजोबांचा हुकूम होता तो.

मुकादमाचा चेहरा खर्रकन उतरला. मग तो ओरडला, "हक्क मागतेस? उद्यापासून कामावर यायचं नाही!"

ठकू रडली, खूप रडली. बाया म्हणाल्या, "जाऊ दे गं, कशाला वाकड्यात शिरतेस?" ठकूने डोळे पुसले. "आज मला काढलं. उद्या तुमच्यातली कुणी तोंड उघडेल, तिलाही काढतील." तशा बाया उठल्या आणि त्यांनी ती फळी भिंतीवरून उपसून काढली.

गलबत सोडायचा दिवस उजाडला. अबब, काय ती गर्दी! ढोल, ताशे, पताका, झाडांवर चढलेली पोरं! त्या गर्दीतून फळी घेऊन बाया थेट राणीसरकारांपुढे गेल्या. ठकूने सगळं सांगितलं.

"खोटं आहे, सरकार!" मुकादम पुढे आला. "चारही दोर पुरुषांनी वळलेत."

राणी म्हणाली, "आधी गलबत पाण्यात जाऊ दे. मग निवाडा करते."

टेकूचे ओंडके काढले. गलबत हललं! लोकांनी एकच जल्लोष केला. आणि तेवढ्यात, काड्! पिवळा दोर तुटला. लगेच तांबडा. गलबत तिरपं झालं, खाली पाण्यात उभे असलेले खलाशी ओरडायला लागले. काड्! निळाही गेला!

उरला एकच दोर. तो ताणला, करकरला, पण तुटला नाही. खलाशी बाजूला पळाले, माणसांनी धावत जाऊन पाचरी ठोकल्या, आणि गलबत थांबलं. धोंडूतात्यांनी दोराला हातच जोडले.

"हा दोर कुणाचा?" राणीने विचारलं.

"माझा, सरकार, माझाच!" मुकादम घाईघाईने म्हणाला.

"मग यात निळा धागा कुठाय?"

मुकादम दोर चाचपायला लागला. धागा घालू नकोस, असं त्यानेच तर बजावलं होतं! धोंडूतात्या पुढे झाले. "सरकार, आमच्यापैकी कुणीच धाग्याशिवाय दोर सोडत नाही. हा ठकूताईंचा आहे. मला माहीत होतं, पण मी गप्प बसलो. चुकलो."

राणीने गळ्यातला हार काढला. "घे ठकू, हे तुझं बक्षीस."

ठकूने हात जोडले. "सरकार, बक्षीस तुमच्या मर्जीचं. आज द्याल, उद्या नाही. मला फळीवर लिहिलंय ते द्या. आणि ते मागितलं म्हणून कुणाला कामावरून काढू नका."

राणीने हार परत गळ्यात घातला आणि तिथल्या तिथे हुकूम सोडला. ठकूला चाक मिळालं. दोर वळून दाखवील त्या प्रत्येक बाईला चाक खुलं झालं. फळी कारखान्याच्या दारावर लागली आणि ती रोज सकाळी मोठ्याने वाचायचं काम कुणाला दिलं असेल? मुकादमाला! दुपारी त्याने सोडणं बडवायची. पहिल्याच दिवशी त्याने बायांना हळूच विचारलं, "ही मुरलीत का हो?"

आणि त्या आठवड्यात बंदरावरच्या दुकानातले रंगीत धागे सगळेच्या सगळे संपले.

तात्पर्य, माझ्या राजांनो: काम हाताचं पारखावं, हात कुणाचा ते नव्हे. आणि हक्क भिंतीवर नुसता लिहून भागत नाही, त्याच्यापुढचा ढीग कुणीतरी बाजूला सारावा लागतो.