म्हसूने पूल जागेवर ठेवला

सन १९७४. माघ सरत आला होता आणि शाळू काढणीला आला होता. तळेखडी गावात म्हसू नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करी. म्हणूनच गावाने त्याला काम सांगणं सोडलं होतं.

त्या वर्षी सरकारने नदीकाठी पुलांचं संशोधन केंद्र उघडलं. तिथले कर्णिक साहेब घडीचा पूल तयार करत होते. रबरी तराफ्यांवर तरंगणारा. लढाईत फौजेने उघडावा, पुरात गावाने उघडावा, आणि हँडल फिरवून एकट्या माणसाने मिटवावा, असा त्यांचा बेत. साहेब गावात नवे होते. त्यांनी म्हसूला कोठारावर नेमलं.

पुलाचं लोखंड घेऊन आलेला ट्रक काठाच्या गाळात रुतला. केंद्रावरच्या फौजेच्या जवानांनी ढकलून पाहिला, तो आणखी खाली गेला. मग म्हसूची आत्या तान्हूबाई भर काढणीत आपली बैलजोडी घेऊन आली आणि ट्रक बाहेर निघाला. साहेबांनी खिशात हात घातला. तिने तो तिथेच थांबवला. आमच्यात सावड चालते, म्हणाली. आज मी तुमच्या कामाला आले, उद्या तुम्ही माझ्या कामाला यायचं. तिचा शाळू नदीपलीकडे उभा होता आणि त्यावर पाखरं उतरू लागली होती. पुलाची चाचणी झाली की जवान घेऊन उपटायला येतो, असा साहेबांनी शब्द दिला.

चाचणी मात्र होईना. कारण म्हसू.

साहेबांनी आधी काँक्रीटचे ठोकळे ओतले. त्याला म्हणाले, सिमेंटला पाणी पाजत जा, त्याशिवाय ते पक्कं होत नाही. म्हसूने ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सिमेंटची पोती आली. म्हसूने नदीवरून घागरी आणल्या आणि एकेका पोत्याला पोटभर पाणी पाजलं. लांबून आली होती, तहानली असतील, म्हणून थोडं जास्तच.

साहेबांनी पोत्यावर थाप मारली आणि हात झटकला.

"म्हसू, हे काय?"

"पक्कं झालंय, साहेब."

साहेबांनी समजावलं. नवा माल आला की पाण्यापासून लांब ठेवायचा. उंचावर, कोरड्यात, वर ताडपत्री. म्हसूने ध्यानात ठेवलं.

मग रबरी तराफे आले. हवा भरलेले, नदीत सोडायला तयार. चाचणीला सुभेदार खराडे आपली तुकडी घेऊन काठावर उभे राहिले. नदीत एकही तराफा दिसेना. शोधता शोधता एका जवानाने वर पाहिलं. तराफे चिंचेच्या शेंड्याला बांधलेले, वर ताडपत्री.

"एक थेंब लागू दिला नाही," म्हसू म्हणाला.

तराफे उतरवताना चिंचेच्या फांद्यांनी दोन फाटले. चाचणी पुढे गेली. साहेबांनी दम घेतला आणि पुन्हा समजावलं. अरे, पुलाचं सामान आलं की ते पाण्यात सोडायचं आणि दोराने खुंटीला बांधायचं. म्हसूने ध्यानात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून मोजणीची दुर्बीण आली. पेटीत, कापसात गुंडाळलेली. पुलाचंच सामान. म्हसूने ती कापसातून काढली, पाण्यात सोडली आणि दोराने खुंटीला बांधली. साहेबांनी दोर ओढला तेव्हा दुर्बिणीतून एक मासळी बाहेर पडली.

तिकडे आत्या रोज गोफण घेऊन बांधावर उभी. नदी उतरायला होडीसारखी वापरायची ती गुळाची काहील गुऱ्हाळावर गेलेली, म्हणून ती कमरेला भोपळा बांधून पोहून जायची आणि संध्याकाळी केंद्राच्या फाटकाशी यायची. पाखरांनी एक वाफा संपवला, असं सांगायची. दुसऱ्या दिवशी दुसरा.

"म्हस्या," ती एकदा म्हणाली, "कणसं संपल्यावर तुझे साहेब काय ताटं मोजायला येणार?"

"चाचणी झाली की येणार, आत्या."

"आणि चाचणी कोण होऊ देत नाही?"

म्हसूने विचार केला. त्याला कुणी आठवेना.

साहेबांनी शेवटी त्याला समोर बसवलं. आता फक्त दोन गोष्टी, म्हणाले. जे जिथून काढलं ते सूर्य मावळायच्या आत तिथे परत ठेवायचं. आणि एकदा कोठाराला कुलूप लागलं की माझ्या सहीच्या चिठ्ठीशिवाय काही बाहेर काढायचं नाही.

"तुम्ही मागितलं तर?"

"मी मागितलं तरी नाही. सही पाहायची."

म्हसूने ध्यानात ठेवलं.

अखेर चाचणीचा दिवस उजाडला. काठावर गाड्यात घडी घालून ठेवलेला पूल नदीवर उघडला. फौजेचा ट्रक पलीकडे गेला, परत आला. पूल हलला नाही. मग गावाचा मान म्हणून आत्याची बैलगाडी निघाली. गाडीमागून साहेब, सुभेदार आणि सगळी तुकडी पलीकडचं टोक तपासायला गेली. अलीकडे म्हसू एकटा राहिला.

तपासणी लांबली. सूर्य झाडांना टेकला. म्हसू पुलाकडे पाहत होता. हा सकाळी गाड्यावर होता, म्हणजे जागा गाड्यावर. त्याने हँडल धरलं आणि फिरवलं. पूल घडी घालत, कुरकुर न करता, अलीकडे आला. म्हसूने हँडल कोठारात ठेवलं आणि कुलूप लावलं.

पलीकडून साहेब धावत काठाशी आले.

"म्हसू! पूल कुठंय?"

"जागेवर ठेवला, साहेब."

"उघड तो!"

"चिठ्ठी?"

साहेबांनी पलीकडून बराच वेळ हातवारे करत आरडाओरडा केला. म्हसूला सगळं ऐकू आलं, पण त्यात सही नव्हती. मग साहेबांनी चिठ्ठी लिहिली आणि एक जवान ती दातात धरून पोहत आला. म्हसूने कंदील धरला. शाई वाहून गेली होती.

"यात सही कुठंय?"

जवानाने कागद उलटा करून पाहिला. तिथेही नव्हती. कोठारावरच्या माणसापुढे फौजेतल्या माणसाचं काही चालत नाही. त्याने सलाम ठोकला आणि पोहत परत गेला.

सुभेदार इतकंच म्हणाले, की एकट्या माणसाने पूल मिटवायचा होता, तो मिटवला. पूल पास. साहेबांनी नवी चिठ्ठी लिहिली. ती कोरडी राहावी म्हणून त्यांनी एका जवानाला नदीच्या खालच्या अंगाच्या पुलाकडे पायी पाठवलं. तो आडवाटेने दोन दिवसांचा फेरा होता.

सकाळी आत्याने शेतातल्या खोपीत भाजलेल्या भाकरीची दुरडी बांधावर ठेवली.

"साहेब, बसून राहाल तर अंग आखडेल," ती म्हणाली. "ही पात तुमची. ती सुभेदारांची. मुळासकट उपटायचं."

साहेबांनी चष्मा पुसला, बाह्या सारल्या आणि वाकले. तुकडी त्यांच्या मागे वाकली. चिठ्ठी पोहोचली, म्हसूने सही निरखून पाहिली आणि पूल उघडला, तेव्हा शेतात एकही ताट उभं नव्हतं.

सावड फिटली.