चुनखडीच्या गावची आंबट किल्ली

जुई फक्त पांढरं खाते. दूधभात, दहीभात, इडली, साबुदाण्याची खीर. पालक आणि बीट ताटाच्या कडेला पाहुण्यासारखे बसून असतात. या काळजीनं परवा माझा डोळ्याला डोळा लागला नाही. शिकलेली आई ना मी, म्हणून अंगात लोह कमी पडलं तर काय होतं ते चार ठिकाणी वाचलं आणि चौपट घाबरले. मग ठरवलं, गोष्टीतून सांगावं. गोष्ट निदान थुंकून तरी टाकता येत नाही.

"जुईबाई, पांघरूण घ्या," म्हटलं आणि सुरुवात केली.

एक होतं गाव. राजा नव्हता त्याला, पण जमीन मात्र राजाच्या सदऱ्यासारखी पांढरीशुभ्र. सगळी चुनखडी, बरं का. लोक ती भट्टीत भाजायचे, चुना करायचे आणि वर्षभर तोच लावायचे. भिंतीला चुना, झाडाच्या बुंध्याला चुना. पाय मुरगळला, लाव हळद-चुना. गांधीलमाशी चावली, लाव चुना. एकदा तर बकरीलाही लावला होता. का, ते बकरीलाच माहीत.

त्या गावात येसू नावाची मुलगी होती. तिचा धाकटा भाऊ म्हाळू नदीपलीकडे मामाकडे गेला होता. मग काय झालं, पूर आला आणि नदीवरचा एकुलता पूल, तो लाकडी साकव, गेला वाहून. पूर ओसरला, पण नदी रुंद झाली ती झालीच. रोज संध्याकाळी म्हाळू पलीकडच्या काठावर यायचा आणि ओरडायचा, "ताई, मला ने गं!"

येसू ओरडायची, "येते रे!"

पण जाणार कशी? होडीला लाकूड लागतं, आणि त्या चुनखडीत मोठं झाडच होत नव्हतं. बोरी, बाभळी, त्याही कमरेएवढ्या.

मग येसूच्या मनात आलं, लाकूड नाही तर नाही. वाळलेला भोपळा पाण्यावर तरंगतो की नाही? तरंगतो. मग आपण आत बसू एवढा मोठा भोपळा वाढवायचा!

तिनं बी लावलं. वेल आली, पण भोपळा धरला तो लिंबाएवढा. भट्टीवाले चिमाअण्णा म्हणाले, "अगं, मुळाशी मूठभर चुना टाक. चुन्यानं काय बरं होत नाही?" तिनं टाकला. मग भोपळा आला तो बोराएवढा. शेजारची गजराकाकू म्हणाली, "चुलीतली राख टाक गं. माझ्या सासूबाई टाकायच्या." तीही टाकली. मग भोपळा आलाच नाही. पानं पिवळी पडली आणि नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या, जशी पिवळ्या लुगड्यावर हिरव्या दोऱ्याची नक्षी. मग येसूनं विहिरीचं पाणी घातलं, घागरीमागून घागर. विहीरही चुनखडीतलीच! मातीवर पांढरी साय धरली.

तिकडून हाक आली, "ताई, येतेस ना?"

त्या दिवशी येसूला रडूच कोसळलं. ती वेलीपाशी बसून राहिली. जवळ ताकाचा लोटा होता, चांगल्या आंबट ताकाचा. तो कलंडला आणि मातीतून आवाज आला, "फस्स्!"

जुईनं खाडकन डोळे उघडले. "साप?"

"साप नाही गं. माती."

येसू रडायचं विसरली. हे काय नवीन? तिनं साधं पाणी ओतून पाहिलं. माती गप्प. दूध ओतलं. गप्प. चिंचेचं पाणी ओतलं. फस्स्! बुडबुडेच बुडबुडे! मग तिनं जमिनीला कान लावला. आणि माती बोलली, अगदी हळू.

"बाई गं, चुन्यानं पोट गच्च झालंय माझं. वेलीला हवं ते लोखंड माझ्या पोटातच आहे, पण चुन्यानं त्याला कुलूप घातलंय. आणि तुम्ही वरून आणखी चुनाच घालताय."

"मग कुलूप उघडू कशानं?"

"आंबट किल्लीनं. पण घाई नको करूस."

माती कशी बोलते, असं जुईनं विचारलं नाही, म्हणून मीही थांबले नाही.

मग येसूनं काय केलं? अंगणात मोठा खड्डा खणला. त्यात जुनं, काळंभोर शेणखत घातलं, डोंगरावरचा कुजका पाला घातला. मग वैदूकडून पिवळंधमक गंधक आणलं आणि मातीत कालवलं. गंधक आळशी, बरं का, मातीला आंबट करतं पण सावकाश. म्हणून सगळा हिवाळा आणि सगळा उन्हाळा ती नुसती थांबली. मग पाऊस आला, तसे तिनं पन्हळीखाली रांजण लावले. आता विहिरीचं पाणी नाही, आभाळाचं. आणि मग बी.

पानं आली ती सुपाएवढी, हिरवीगार! भोपळे धरले, तर येसूनं एकच ठेवला आणि बाकीचे खुडून टाकले.

गजराकाकू ओरडली, "अगं वेडे, भाजीला तरी द्यायचे होतेस!"

पण येसूला भाजी कुठे हवी होती? तिला भाऊ हवा होता.

भोपळा वाढला. घागरीएवढा झाला, मग रांजणाएवढा, मग कुंपण मोडलं, मग गजराकाकूचं दार अडलं आणि काकू खिडकीतून ये-जा करू लागली. तो वाळला, तेव्हा सगळ्या गावानं मिळून कोरला. चिमाअण्णांना राहवेना. "वरून तरी चुना लावू का गं?"

येसू हसली. "वरून लावा, अण्णा. मुळाशी नको."

मग पांढराशुभ्र भोपळा नदीत उतरला. एक गिरकी घेतली, दुसरी गिरकी घेतली, तिसऱ्यांदा सरळ झाला. येसूनं सुपाचं वल्हं केलं आणि पलीकडे गेली. म्हाळू काठावर उभा होता, केवढा तरी उंच झालेला. "किती उशीर, ताई!" म्हणाला आणि उडी मारून तिच्या मांडीवर बसला. पाय बाहेर राहिले तरी बसला. मामानं भोपळ्याला धक्का दिला, काठावरून हात हलवला आणि दोघं घरी आली.

मग माती तृप्त झाली, वेल आडवी झाली, सगळी सुखात राहिली. आता तूही नीज.

मी दिवा मालवला. जुईचे डोळे मिटलेले होते.

"आई," ती म्हणाली, "मामा एकटाच राहिला तिकडे. उद्या त्यालाही आण."