सात दारांची जकात

"जकात उठवली तर राज्याचं काय होईल, ते मला जकात न उठवता दाखवा! आणि उद्याच्या जेवणाआत दाखवा, नाहीतर तह फाडून टाकतो!"

राजे हैबतराव गरजले आणि दरबाराच्या तोंडचं पाणी पळालं.

राजांचं राज्य घाटावर, शेजाऱ्याचं घाटाखाली खाडीकाठी. शेजाऱ्याने वकील धाडून तह मांडला होता: तुमचा गूळ आमच्याकडे बिनजकात उतरू दे, आमचं मीठ तुमच्याकडे बिनजकात चढू दे. वकील दोन दिवस लेखणी शाईत बुडवून बसला होता. पण जकातदार गिरमाजीपंतांनी राजांचे कान भरले. "महाराज, जकात गेली की खजिना गेला. खजिना गेला की मुकुट गहाण!"

पंडितांनी डोकी खाजवून खाजवून टक्कल पाडून घेतलं. एकाने शंभर हात लांब कागद लिहून आणला. शेवटच्या हातावर लिहिलं होतं, 'फायदा होईल, अथवा तोटा होईल, अथवा काहीच होणार नाही.' ज्योतिषीबुवा जकातीची कुंडली मांडायला बसले, पण जकातीची जन्मवेळच कुणाला ठाऊक नव्हती. तिसरा म्हणाला, "अर्ध्या बैलाची जकात माफ करून पाहू." बैलाचं पुढचं अर्धं की मागचं, यावरून दोन पंडितांची पागोटी उडाली.

हे सगळं ऐकत दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती भिवरा. मुदपाकखान्यात वाटण वाटणारी बाई. तिचा बाप खाडीवरून बैलांच्या पाठीवर मीठ आणायचा. दहा गोण्या भरून निघायचा, घाटमाथ्यावर सव्वाच पोचायची. तह फाटणार म्हटल्यावर तिला राहवेना. आणि तोंडून निघूनच गेलं, "सरकार, मी दाखवते!"

"तू?" गिरमाजीपंत खो खो हसले. "पाटा-वरवंट्यावर राज्याचा हिशोब वाटणार का गं?"

"वाटणार नाही, पंत. वाढणार! आपल्या घाटात नाके किती?"

"सात!" पंतांनी छाती फुगवली.

"आणि नाक्यावर घेता किती?"

"समोर येईल त्याचा चौथा हिस्सा. शिवाय संशयित माल जप्त!"

भिवरा राजांकडे वळली. "सरकार, मुदपाकखान्यापासून तुमच्या पाटापर्यंत दारंही सातच आहेत. उद्या एक दिवस प्रत्येक दाराला नाका बसवू द्या. कायदा घाटातलाच. शिपाई पंतांचेच."

"बसव की!" राजे म्हणाले. "दारांना नाके बसवून माझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा बेत होता. चाळीस पोळ्यांचं ताट, कटाची आमटी, भजी, पापड, असं सगळं वाजतगाजत निघालं. पहिल्या दारात शिपायाने दहा पोळ्या मोजून घेतल्या. दुसऱ्या दारात भजी चाखली, कायद्याने चौथा हिस्सा, पण अंदाज येईना म्हणून पुन्हा चाखली. तिसऱ्या दारातल्याने पोळी फाडून पाहिली आणि किंचाळला, "आत काहीतरी दडवलंय!"

"पुरण आहे ते!" आचारी म्हणाला.

"वरून पोळी आणि आतून पुरण? चोरटा माल!" उरलेल्या सगळ्या पोळ्या तिथेच जप्त झाल्या. चौथ्या दारात आमटी पातळ माल की जाड, यावर तासभर खल झाला आणि ती ढवळून-ढवळून संपली.

इकडे राजे पाटावर ताटकळत होते. सूर्य डोक्यावरून कलला. पोटात कावळे कोकलायला लागले. शेवटी सातवं दार उघडलं आणि ताट समोर आलं. ताटात पापडाचा एक तुकडा होता आणि लिंबाची फोड.

"माझं जेवण कुठं गेलं?" राजांचा आवाज छपराला भिडला.

"खजिन्यात, महाराज!" पंत म्हणाले.

"मग खजिना आणा!"

जकातीची टोपली आली. तळाशी कढीपत्त्याची एक काडी होती.

"एवढंच?"

"वाटेत थोडं... झिजलं, महाराज."

मागे सात शिपाई पोटं धरून भिंतीला टेकले होते. एकाने मोठ्ठी ढेकर दिली.

"उठवा ते नाके! आत्ताच्या आत्ता!" राजे ओरडले.

भिवराने हात जोडले. "पण सरकार, परिणाम पाहिल्याशिवाय कसे उठवायचे? पंडितांना विचारून येऊ का?"

"पंडित गेले खड्ड्यात! उठव म्हणतो ना!"

नाके उठले. भिवराने बाजूला झाकून ठेवलेलं दुसरं ताट सात दारं ओलांडून आलं, तेव्हा पोळीवरचं तूप अजून पाघळत होतं. राजे ताटावर तुटून पडले. नुसते जेवत राहिले.

हात धुताना मात्र त्यांचा हट्ट परत आला. "ते ठीक. पण मला आकडा हवा! फायदा किती?"

"मघाशी किती पोळ्या खाल्ल्या, सरकार?"

"एकही नाही!"

"आणि आत्ता?"

राजांनी बोटं मोजली. "नऊ!"

"मग फायदा नऊ."

"आणि तोटा?" गिरमाजीपंत तडतडले. "प्रत्येक तहात कुणाचा तरी तोटा असतोच! तो सांग!"

"तोटाही आहे, पंत." भिवराने पोटं चोळणाऱ्या सात शिपायांकडे पाहिलं. "उद्यापासून यांची पोटं दुखायची नाहीत. बाजारातल्या ओवा विकणाऱ्याचा धंदा पार बसणार!"

मग राजे असे हसले, असे हसले, की दहावी पोळी खायला जागा झाली! हसतहसतच त्यांनी वकिलाला हाक मारली. "लिहा हो तह! फायदा नऊ पोळ्या, तोटा मूठभर ओवा. आणा इकडे, शिक्का मारतो!"

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी भिवराच्या ओंजळीत टाकलं. "आणखी काय हवं, माग!"

"घाटातल्या सात नाक्यांचे वासे द्या, सरकार," भिवरा म्हणाली. "मुदपाकखान्यात सरपण कमी पडतंय."