साळूचं निशाण

जनावरांची स्वतःची आगगाडी होती, त्या काळातली ही गोष्ट. साळू नावाची साळिंदर त्या गाडीवर नवी गार्ड म्हणून लागली. बगळेआजोबा जुने गार्ड. लाल, पिवळा, हिरवा असे सगळे सिग्नल त्यांनी तिच्याकडून घोटून घेतले होते.

पहिल्याच दिवशी, पहिल्याच स्टेशनात सिग्नल हिरवा झाला. साळूने हिरवं निशाण उचललं आणि तेवढ्यात तिला दिसलं, कासवआजींचा एकच पाय डब्यात आहे. तिने झटकन लाल निशाण धरलं.

"अगं, सिग्नल हिरवा झालाय!" इंजिनातून रेडेदादा ओरडला.

साळूचे काटे भीतीने ताठ झाले, पण तिने निशाण खाली घेतलं नाही. आजी चढून बसेपर्यंत सिग्नल पुन्हा लाल झाला. प्रवासी करवादले. साळूला रडूच आलं.

"आजोबा, मी चुकले का?"

"नाही गं बाळा," शेजारी उभे असलेले बगळेआजोबा म्हणाले. "सिग्नलला पुढचा रस्ता तेवढा कळतो. आजी कुठे दिसतात त्याला?"

थोड्या वेळाने सिग्नल हिरवा झाला. रेडेदादाने तो पाहिला, पण गाडी हलवली नाही. मान वळवून तो साळूच्या हाताकडे बघत राहिला.