पंचविसावं पान

होता एक राजा. लहानसाच, बरं का. राजवाड्यात सगळी मिळून माणसं पंचवीस. राजा धरून, आचारी धरून, घोडेवाला धरून पंचवीस. रोज सगळ्यांची पंगत एकत्र बसायची. राजा तसा वाईट नव्हता, पण त्याला टापटिपीचं भारी वेड. चादरीला सुरकुती पडली तरी त्याचं डोकं फिरायचं.

त्या पंचविसांत एक होती म्हातारी गोजरा. राजा तान्हा असताना त्याची आई गेली, तेव्हा हिनंच त्याला वाढवलं. आता तिचे गुडघे धरले होते, म्हणून ती पंगतीला सगळ्यांत शेवटी पोचायची.

एके दिवशी राजा म्हणाला, "ओळी कशा सारख्या हव्यात. दोघादोघांच्या करा." मग बसले दोघं दोघं. बारा ओळी झाल्या आणि उरली गोजरा.

मग राजा म्हणाला, "तिघातिघांच्या करा." आठ ओळी झाल्या आणि उरली गोजरा.

मग केल्या चौघाचौघांच्या. सहा ओळी झाल्या. मोजा हवं तर बोटांवर. उरली कोण? गोजराच! पान हातात धरून बिचारी उभी.

राजा वैतागला. म्हणाला, "हिच्यामुळं ओळी जुळत नाहीत. हिची सोय दुसरीकडे करा."

मला या राजाचा अजून राग येतो बघा. अरे, जिनं तुला मांडीवर घेऊन भरवलं, ती! पण गोजरानं आपलं गाठोडं उचललं आणि नदीपलीकडे निघून गेली.

मग राहिली चोवीस माणसं. दोन-दोन बसवा, तीन-तीन बसवा, चार-चार बसवा, कुणी उरत नाही. राजा खूश.

असं वर्ष गेलं. मग एकदा जेवणघर सारवायला काढलं, म्हणून पंगत पडवीत मांडली. पडवी अरुंद. एका ओळीत पाचच पानं मावायची. मग पाच-पाच पानांच्या पाच ओळी मांडल्या. सगळे बसले आणि शेवटचं एक पान रिकामं राहिलं. वाढपी ते उचलायला गेला, तर उचलेना! सेनापतीनं दोन्ही हातांनी ओढलं, तरी उचलेना. मग राजा स्वतः वाकला. साधं केळीचं पान ते, पण जागचं हलेना.

"हे कुणाचं पान?" राजानं विचारलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पाचापाचांत गोजरा बरोब्बर बसत होती, आणि यानं चारापर्यंतच करून बघितलं होतं.

राजा तसाच उपाशीपोटी धावत सुटला. नदी ओलांडली. पलीकडे एका कुंभाराच्या घरात गोजरा जेवायला बसली होती. कुंभार, कुंभारीण, त्यांची दोन पोरं आणि पाचवी ती. राजा दारात खाली मान घालून उभा राहिला.

"जेवलास का रे?" गोजरानं विचारलं. मग पोरांना म्हणाली, "सरका रे जरा." पोरं सरकली. झाली जागा.

राजा बसला, आणि त्याच्या मनात आलं, एवढंच तर म्हणायचं होतं आपल्याला, सरका जरा! त्याला रडू फुटलं. म्हणाला, "घरी चल ना. पालखी आणतो."

"नको रे बाळा," गोजरा म्हणाली. "तुझ्या पंगतीला बसायचं म्हटलं की आता भीतीच वाटते. परत कुणी मोजायला लागलं तर?"

राजा एकटाच परतला. त्या दिवसापासून राजवाड्यात माणसं मोजणं बंद झालं. आल्यागेल्यालाही पान मिळू लागलं, सगळे सुखानं जेवू लागले. गोजराही तिकडे सुखात राहिली. राजा मधूनमधून तिच्याकडे जेवायला जायचा. पण ती काही परत आली नाही. चूक कळली हो त्याला, पण फार उशिरा.

संपली गोष्ट. डोळे मिटा आता. आणि सरका रे जरा, मला पण टेकू द्या.