बिनआवाजाची मोटार

मोटार दिसली की माणसं हात जोडून रस्त्याकडेला उभी राहत, त्या काळी एका राजाने विलायतेहून मोटार मागवली. राजा गेला, मोटार सावकाराकडे आली. सावकार बुडाला, तशी ती भाऊसाहेब ठेकेदारांकडे आली. मालक बदलत गेले, पण सगळ्यांना ओढलं एकाच इंजिनाने.

ठेकेदारांनी मोटारीचं जुनं वैभव परत आणायचं मनावर घेतलं. नवा रंग आला, मखमली गाद्या आल्या, चांदीच्या मुलाम्याचे दिवे आले. इंजिन आपल्या पाळीची वाट पाहत होतं. एके दिवशी त्याचं थोडं तेल संगमरवरी फरशीवर गळलं आणि ठेकेदारांनी त्याला काढून मागच्या अंगणात टाकलं.

"अरे दिव्यांनो, माझ्यावाचून ही चालणार कशी?" इंजिनाने ओरडून विचारलं.

"चालायचंय कुणाला, काका? दिसायचंय!" दिवे म्हणाले.

पुढे ठेकेदारांच्याच आवारात जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं. परीक्षक मखमलीवर रेलून म्हणाले, "भाऊसाहेब, जरा चालवून दाखवा की."

'आता तरी मला माझ्या जागी बसवतील,' इंजिनाला वाटलं. पण ठेकेदारांनी नुसती मानेने खूण केली. सहा गडी मोटारीमागे वाकले आणि ढकलू लागले. मोटारीने आवाराला ऐटीत फेरी मारली.

परीक्षक खाली उतरले ते भारावूनच. "पहिला नंबर हिचाच! काय गुणी इंजिन आहे हो, आवाज म्हणून नाही!"

टाळ्या मात्र मागच्या अंगणापर्यंत स्पष्ट ऐकू आल्या.