यंत्र सुनेपाशी वाजले

आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या एका वृद्ध प्राध्यापकांकडे त्यांचा शिष्य शैलेंद्र एक नवे यंत्र घेऊन आला. मुठीत मावणारे ते यंत्र विजेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र मोजत असे. ज्या घरात भूत असल्याची आवई उठे, तिथे शैलेंद्र ते घेऊन जाऊ लागला होता.

"भूत नाही, हे मी यानेच सिद्ध करतो. तुम्ही बरोबर चला, सर," तो म्हणाला.

घर बळवंतरावांचे होते. त्यांची सून वैजयंता, जिचा नवरा परगावी नोकरीला होता, मागच्या खोलीत एकटीच कुजबुजते आणि कोणी आले की दचकून गप्प होते, एवढ्यावरून तिला झपाटले आहे असे घराने ठरवले होते. दुसऱ्या दिवशी भूत उतरवायला भगत यायचा होता. तो चटके देतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

घरची माणसे ओसरीवर जमली. शैलेंद्रने भिंती तपासल्या, देवघर तपासले. यंत्र गप्प होते. मोठ्या विश्वासाने त्याने ते वैजयंतापुढे धरले, आणि ते कर्कश वाजू लागले.

"बघा! मी सांगत नव्हते?" सासू ओरडली. थोरला दीर ताडकन उठला.

वैजयंताने पदराआड कमरेवर हात घट्ट दाबला. प्राध्यापकांनी तो हात पाहिला. त्यांनी शिष्याकडून यंत्र घेतले आणि बंद केले.

"हे विजेमुळे वाजतं. भूतबित याला कळत नाही."

"मग हिच्यापाशीच का वाजलं?" बळवंतरावांनी विचारले.

"कारण मला ठाऊक आहे. पण मी ते सांगणार नाही."

शैलेंद्रला प्रश्न पडला: प्रत्येक गोष्टीचे कारण विचारा, असे शिकवणारे हेच का ते गुरुजी?

प्राध्यापक वैजयंताकडे वळले. "पोरी, तुला आत्ता कुठं जावंसं वाटतं?"

"आईकडं."

दीर दारात आडवा झाला. "लग्नातल्या मानपानावरनं तुटलंय ते नातं. माहेरचं नाव काढायचं नाही इथं!"

"मी हिला घेऊन जातोय," प्राध्यापक म्हणाले. " बळवंतराव, उद्या भगतानं हिला हात लावला, तर कोर्टात तुमच्याविरुद्ध मी उभा राहीन."

बळवंतरावांनी एकदा सुनेकडे पाहिले. दिराकडे पाहत ती मागे सरकून भिंतीला टेकली होती.

"बाजूला हो," ते मुलाला म्हणाले.

गाडी वेशीबाहेर पडल्यावर वैजयंताने कमरेला खोचलेला, आवाज बंद केलेला लहानसा फोन काढला. "आईनं चोरून दिला होता. मघाशी तिचाच फोन येत होता," एवढे बोलून ती रडू लागली.

तिला माहेरी सोडून परतताना शैलेंद्रला राहवेना. "सर, फोनचं सांगितलं असतं, तर भूत तिथल्या तिथं संपलं असतं!"

"भूत संपलं असतं, पण त्या पोरीचं काय झालं असतं? फोन हिसकावला असता, वर मार बसला असता. यंत्रानं वीज दाखवली, त्याचं काही चुकलं नाही. पण भूत नाही हे दाखवायच्या घाईत, ती कुणाला भिते हे आपण विचारलंच नाही. सत्य सांगावंच, मात्र ते कोणाच्या अंगावर कोसळणार आहे, हे आधी पाहावं."

शैलेंद्रने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली.

"सर, तिच्या भीतीबद्दल बळवंतरावांशी बोलायला मी पुन्हा जाऊ?"

"जा," प्राध्यापक म्हणाले. "आणि आधी त्यांचं ऐकून घे."